कॅम्पर व्हॅनने कोकणचा सागरी रस्ता: मांडवा ते रेडी, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कोकणच्या सागरी रस्त्यावर अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही, ते खाड्यांमध्ये मोजावे लागते. मांडव्याहून रेडीकडे उतरताना राजपुरी (आगरदांडा-दिघी), सावित्री (बागमांडला-वेश्वी), वाशिष्ठी (दाभोळ-धोपावे) आणि शास्त्री (तवसाळ-जयगड) या चार मोठ्या खाड्या गाडी फेरीबोटीत चढवून ओलांडायच्या असतात. रेवस-रेडी सागरी महामार्गावर नव्या पुलांची कामे हाती घेतलेली आहेत, त्यामुळे निघण्याआधी कुठे पूल झाला आणि कुठे बोट चालू आहे हे विचारून घ्या. तोपर्यंत या सहलीचे वेळापत्रक तीन गोष्टी ठरवतात: बोटीची वेळ, भरती-ओहोटी आणि तुमच्या गाडीची रुंदी.

वाट कितीही चांगली असली तरी सरासरी वेग ताशी २५ ते ३० किलोमीटरच्या वर जात नाही. दिवसाला ८० किलोमीटर ही नवख्याने मर्यादा मानावी. संपूर्ण रस्ता नीट बघायचा तर दहा दिवस हवेत. चार-पाच दिवसच हाती असतील तर मांडवा ते हरिहरेश्वर किंवा गुहागर ते रत्नागिरी एवढाच तुकडा घ्या.

आधी गाडी मोजा

महाराष्ट्रात भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक व्हॅन टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बांधलेल्या असतात आणि चालकासह मिळतात. स्वतः चालवायला घेत असाल तर नंबरप्लेट काळी आणि अक्षरे पिवळी आहेत ना, ते बघा. स्वतः चालवायला भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या गाडीची ती खूण आहे. खासगी पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने घेतलीत तर अपघातात विम्याचा दावा अडकतो. स्वतःच्या गाडीत बदल करून व्हॅन बनवली असेल तर तो बदल आरसी पुस्तकात आरटीओकडून नोंदवलेला असला पाहिजे. परवान्याचा प्रश्न सोपा आहे: एकूण वजन ७,५०० किलोच्या आतली गाडी हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे.

मग टेप घेऊन गाडी खरोखर मोजा. लांबी बंपरपासून मागच्या शिडीपर्यंत, रुंदी आरशांसकट, उंची छतावरचा एसी, सोलर पॅनेल आणि व्हेंट धरून. हे तीन आकडे कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. उंची तीन मीटरच्या आसपास भरली तर गावातल्या वाड्यांमध्ये आंब्याच्या फांद्या, माडाच्या झावळ्या आणि घराकडे गेलेली विजेची सर्व्हिस वायर हे तिन्ही धोके तुमच्या छताच्या पातळीवर आहेत असे समजा. अशा जागी सोबत्याला खाली उतरवून, त्याच्या हाताकडे बघत गाडी पुढे घ्या. सोलर पॅनेलची काच फुटते ती हमरस्त्यावर नाही, मुक्कामाच्या घराच्या बेड्यातून (फाटकातून) आत शिरताना.

मागच्या चाकामागे गाडीचा भाग किती लांब आहे, हा चौथा आकडा. बोटीच्या फळीवर चढताना आणि खाचरातल्या घरांकडे उतरताना गाडीची शेपूट इथेच घासते.

कधी जायचे, आणि भरतीची वेळ कशी काढायची

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत व्हॅनमध्ये रात्री सुखाने झोपता येते. एप्रिल-मेमध्ये आंबा असतो, पण रात्रीचा दमटपणा एसीशिवाय सोसवत नाही, आणि सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, गावांत तेव्हा पाण्याची टंचाई असते. जून ते सप्टेंबर नवख्याने हा बेत करू नये. घाटांत दरडी येतात, फेरीबोटी हवेनुसार थांबतात, शेवाळलेल्या धक्क्यावर चाक घसरते. नाताळ ते नववर्ष आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा, कारण काशीद आणि गणपतीपुळ्याला त्या दिवसांत मोठी गाडी वळवायलाही जागा मिळत नाही. शिमग्यात पालखी ज्या गावात असेल तिथला रस्ता तिचा असतो. गाडी बाजूला लावून बंद करावी आणि पालखी जाऊ द्यावी.

भरतीचे वेळापत्रक मोबाइलवर मिळते, पण कोळीवाड्यातला हिशेब पाठ असलेला बरा: तिथीला पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून दुपारी आणि पहाटे साधारण तीनला भरती आणि नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. भरती दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी सर्वांत वरही येते आणि सर्वांत खालीही जाते.

हा हिशेब सहलीत सतत लागतो. हरिहरेश्वराचा प्रदक्षिणा मार्ग फक्त ओहोटीला करायचा, भरतीच्या लाटा तिथे माणसे ओढून नेतात. हेदवीची बामणघळ मात्र भरतीलाच बघण्यासारखी असते, कारण खडकाच्या अरुंद फटीत शिरलेले पाणी तेव्हाच उंच उसळते. तीही दुरून बघायची. आणि फेरीबोटीत गाडी चढवायला भरतीच्या जवळची वेळ उत्तम.

फेरीबोटीत व्हॅन चढवणे

नवख्यांची खरी परीक्षा इथे असते, म्हणून जरा सविस्तर.

बोटीची पुढची लोखंडी फळी धक्क्याच्या उतारावर टेकते. भरतीला फळी जवळजवळ आडवी असते. पूर्ण ओहोटीला बोट खाली जाते, उताराचा खालचा ओला भाग उघडा पडतो आणि उतार व फळी यांच्यात तीव्र कोन तयार होतो. छोटी मोटार त्यावरून सहज जाते. लांब शेपटीच्या व्हॅनचे मागचे बंपर, सांडपाण्याची टाकी किंवा तिचा नळ मात्र तिथे आपटतो. टाकी फुटण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

१. आदल्या दिवशी फेरीबोटीच्या कचेरीत फोन करून पहिली आणि शेवटची फेरी विचारा, गाडीची लांबी-उंची सांगा. भाडे गाडीच्या प्रकारानुसार असते, आणि कॅम्पर व्हॅन बहुधा मिनीबसच्या रांगेत मोजली जाते.

२. धक्क्यावर अर्धा-पाऊण तास आधी पोचा. रांगेत उभे असताना गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, गाडीतल्या सगळ्यांना उतरवा, कपाटांच्या कड्या लावा.

३. कधी गाडी सरळ चढवायला सांगतात, कधी उलटी. बोटीवरचा माणूस सांगेल तसेच करा आणि एकाच माणसाच्या खुणा पाळा. रिव्हर्सची सवय नसेल तर मोकळ्या मैदानात नुसत्या आरशांवर गाडी मागे घेण्याचा सराव करून या.

४. पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, एकसारखा वेग ठेवून चढा. फळीच्या सांध्यावर थांबू नका. ओल्या लोखंडावर पुन्हा सुरुवात करताना मागची चाके जागच्या जागी फिरतात.

५. शेपूट घासणार असे दिसले तर थांबा आणि नंतरच्या फेरीची वाट बघा. भरती लागली असेल तर तासा-दीड तासात पाणी इतके चढते की तोच धक्का सोपा होतो. काही धक्क्यांवर चाकाखाली लाकडी फळ्या टाकून कोन कमी करतात, त्या मागून घ्या.

६. बोटीवर हँडब्रेक, पहिला गिअर आणि इंजिन बंद. खाडी ओलांडायला साधारण १० ते २० मिनिटे लागतात.

बोट चुकली किंवा बंद असली तर पर्यायी वाट आधीच ठाऊक हवी. आगरदांडा-दिघी चुकली तर राजपुरी खाडीला म्हसळ्याकडून वळसा. बागमांडला-वेश्वीला पर्याय आंबेत-म्हाप्रळ पुलाचा, पण तिथे जड वाहनांवर निर्बंध आहे का हे आधी विचारा. दाभोळ-धोपावेचा वळसा सर्वांत मोठा: दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असे शंभर किलोमीटरहून जास्त. तवसाळ-जयगडला आबलोलीवरून भातगाव पूल आणि पुढे जाकादेवी हा चांगला रस्ता आहे. नकाशाचे अ‍ॅप रात्री दहा वाजताही बंद झालेल्या बोटीचा रस्ता दाखवते, हे लक्षात ठेवा.

मांडवा ते मुरुड

मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून रोरो बोटीने (गाड्या वाहून नेणाऱ्या) मांडव्याला उतरावे. तासाभराचा प्रवास आहे आणि पनवेल-पेण-वडखळची सगळी वाहतूक वाचते. ही मोठी बोट आहे, चढणे-उतरणे सोपे. मांडव्याहून अलिबाग सुमारे २० किलोमीटर, तिथून चौल-रेवदंड्याचा रस्ता नारळी-पोफळीच्या आगरांमधून जातो. सुंदर आहे, पण दोन्ही बाजूंना दगडी गडगे आहेत आणि समोरून एसटी आली की कोणाला तरी मागे जावे लागते. इथे घाई करणाऱ्यांचे आरसे तुटतात. शनिवार-रविवारी हा तुकडा सकाळी आठच्या आत संपवा.

रेवदंड्याला कुंडलिकेचा पूल ओलांडला की कोर्लई, काशीद, नांदगाव असा समुद्र हळूहळू उघडा होत जातो. काशीदला थांबण्यापेक्षा पुढे नांदगाव किंवा मुरुडला मुक्काम करावा. जंजिऱ्याच्या होड्या राजपुरीहून सुटतात. तिथला उतार आणि गर्दी बघता व्हॅन मुरुडलाच ठेवून रिक्षाने जाणे शहाणपणाचे.

दिवेआगर ते श्रीवर्धन: सगळ्यांत देखणा तुकडा

एकच तुकडा करायचा असेल तर हा करा. दिवेआगरहून शेखाडी, कोंडिवली, आरावीवरून श्रीवर्धनला जाणारा सुमारे २० किलोमीटरचा रस्ता डोंगराच्या पायथ्याला समुद्राच्या अगदी कडेने जातो. खाली काळे खडक, मध्ये छोट्या पुळणी, आणि बराच वेळ रस्ता आणि पाणी यांच्यामध्ये कठड्याखेरीज काही नाही.

दिशा विचार करून निवडा. उत्तरेकडून दक्षिणेला, म्हणजे दिवेआगरहून श्रीवर्धनकडे जाताना समुद्र उजवीकडे असतो आणि आपण डावीकडून, डोंगराच्या अंगाने चालतो. रुंद गाडीची सवय नसलेल्याला हेच सुरक्षित, कारण डावे चाक कड्याच्या काठावर येत नाही. तोटा असा की थांबण्याच्या बहुतेक जागा समुद्राकडच्या बाजूला आहेत आणि तिथे जायला समोरची वाहतूक कापावी लागते. वळणाच्या आधी किंवा लगेच नंतर ती कापू नका, दोन्हीकडचे किमान शंभर मीटर दिसत असतील तिथेच वळा. गाडीचा सराव झाला की परतीला उलट दिशेने या. तेव्हा समुद्र डाव्या खिडकीत असतो आणि सोबत बसलेल्याला सगळे दिसते.

वेळ सकाळची निवडा. सूर्य डोंगरामागे असल्याने पाणी निळे दिसते आणि डोळ्यांवर ऊन येत नाही. हिवाळ्यात संध्याकाळी दक्षिणेकडे जाताना कलता सूर्य थेट काचेवर येतो, आणि काचेवर समुद्राच्या खाऱ्या तुषारांचा थर असतो. दोन्ही मिळून समोरचा सायकलवाला दिसत नाही. काच गोड्या पाण्याने रोज धुवा. कोरड्या फडक्याने पुसली तर मीठ आणि वाळू काचेवर ओरखडे पाडतात.

या तुकड्यात पंपावर भरवसा ठेवू नका. डिझेल अलिबाग, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण आणि वेंगुर्ले इथे मिळते. टाकी अर्ध्यावर आली की पुढच्या पंपावर भरायची, हा नियम ठेवला की पुरते.

श्रीवर्धनहून हरिहरेश्वर आणि बागमांडल्याचा धक्का जवळच आहेत.

सावित्रीपलीकडे: वेळास, हर्णै, दाभोळ

वेश्वीला उतरल्यावर उजवीकडे बाणकोट आणि वेळास. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात. तेव्हा गेलात तर व्हॅन गावातच ठेवा आणि रात्री किनाऱ्याच्या बाजूचे दिवे, गाडीच्या बाहेरच्या छपरीखालची एलईडी पट्टीसुद्धा, बंद ठेवा. पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात आणि समुद्राऐवजी गावाकडे भरकटतात.

पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीवरून सुवर्णदुर्ग आणि खाली हर्णैचा किनारा एका नजरेत दिसतो. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो. बंदराच्या गल्लीत व्हॅन नेऊ नका, टेम्पो आणि बर्फाच्या गाड्यांत अडकाल. वर रस्त्याला लावून चालत उतरा. व्हॅनच्या फ्रिजला पुरेल एवढीच मासळी घ्या, आणि ती त्याच रात्री शिजवा.

दापोलीहून दाभोळच्या धक्क्याकडे उतार आहे आणि गावातला रस्ता अरुंद. उताराचा नियम सगळ्या कोकणाला लागू: ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. पाण्याने भरलेली टाकी, फर्निचर, बॅटऱ्या मिळून व्हॅन मूळ गाडीपेक्षा बरीच जड झालेली असते, आणि नुसत्या ब्रेकवर उतरल्यास लायनर तापून ब्रेक हलका पडतो. जळकट वास आला की सुरक्षित जागी थांबा, चाकाला दगड लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि अर्धा तास थंड होऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, त्याला तडे जातात. निघताना दगड रस्त्यातून काढायला विसरू नका, मागून येणाऱ्या दुचाकीचा जीव त्यावर असतो. एकेरी चढावर समोरासमोर आलात तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची.

गुहागर ते रत्नागिरी

गुहागर, पालशेत, हेदवी, तवसाळ, मग बोटीने जयगड, पुढे मालगुंड आणि गणपतीपुळे. चढ-उतार सतत आहेत, पण सड्यावर आल्यावर रस्ता मोकळा होतो. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला महामार्गाने न जाता आरे-वारेचा किनारी रस्ता घ्या, साधारण २५ किलोमीटर. दोन पुळणींच्या मधल्या टेकडीवर रस्ता चढतो आणि एकदम दोन्हीकडचा किनारा खाली पसरलेला दिसतो. हा देखावा बघायला लोक ऐन वळणावर गाडी थांबवतात. तुम्ही तसे करू नका. टेकडीच्या माथ्यावर गाड्या लावण्याची जागा आहे, ती भरली असेल तर खाली सुरूच्या बनाजवळ लावून चालत वर या.

इथली दुसरी अडचण साईडपट्टीची. डांबराची कड ठिकठिकाणी वीतभर उंच असते आणि तिच्याखाली भुसभुशीत तांबडी माती किंवा गवताने झाकलेले गटार. समोरच्या चिऱ्याच्या ट्रकला वाट देण्यासाठी डावी चाके खाली उतरवली की गाडी कलते आणि टाकीतले पाणी त्याच बाजूला धावते. रुंद जागा दिसेपर्यंत आधीच थांबून ट्रकला येऊ द्यावे.

रत्नागिरीच्या खाली

भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे, जैतापूर असा रस्ता पुलांवरूनच जातो, बोट लागत नाही. कशेळीला कनकादित्याचे देऊळ आणि सड्यावरचा कातळशिल्पातला प्रचंड हत्ती दोन्ही बघा. कातळशिल्पांवर गाडी किंवा बूट नेऊ नयेत. पुढे विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, मालवण. एप्रिलमध्ये इथे आंब्याच्या पेट्यांचे टेम्पो पहाटे आणि रात्री जोरात धावतात, तेव्हा रस्त्यावर नसलेले बरे.

मालवणहून तारकर्लीपर्यंत जा, देवबागला व्हॅन नेऊ नका. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी अशा चिंचोळ्या पट्टीवर ते गाव आहे. रस्ता तिथेच संपतो आणि मोठी गाडी वळवताना कुणाच्या तरी खळ्यात (अंगणात) शिरावे लागते. शेवटचा टप्पा वेंगुर्ले, शिरोडा, रेडी. गोव्यात जायचे तर आरोंदा-किरणपाणी पुलावरून. गोव्यात उघड्यावर स्वयंपाक करणे आणि दारू पिणे दंडनीय आहे, त्यामुळे चूल-स्टोव्ह बाहेर मांडू नका.

रात्री कुठे थांबायचे

पुळणीवर नाही. किनाऱ्यावर वाहन नेण्यास बऱ्याच ठिकाणी बंदी आहे, आणि बंदी नसली तरी तीन टनांच्या आसपासची व्हॅन वाळूत बसते. वरून कोरडी दिसणारी वाळू खाली ओली असते. चाक फिरले की ते स्वतःसाठी खड्डा खोदते. अडकलात तर एक्सिलरेटर सोडा. चाकांपुढची वाळू हाताने किंवा फावड्याने काढा, टायरमधली हवा एक तृतीयांश कमी करा, चाकाखाली फळ्या किंवा सुकी झापे घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू निघा. दोन प्रयत्नांत निघाली नाही तर गावात ट्रॅक्टरवाला शोधा. भरती यायला किती वेळ आहे ते आधी बघा, त्यावर सगळे अवलंबून आहे. बाहेर आल्यावर हवा पुन्हा भरेपर्यंत वेगाने जाऊ नका.

चांगला मुक्काम म्हणजे घरगुती निवासाची वाडी किंवा अंगण. आधी फोन करून पाच गोष्टी विचारा: आत यायची वाट किती रुंद, वर वायर किंवा फांदी किती उंचीवर, १५ अँपिअरचा सॉकेट आहे का, पाणी भरू द्याल का, आणि न्हाणीघर-संडास वापरता येईल का. खोली घेतली नाही तरी जेवण त्यांच्याकडेच घ्या आणि जागेचे, विजेचे, पाण्याचे पैसे आधी ठरवून द्या. दादा, काकू, मावशी म्हणून बोलणारी ही घरे आहेत. फुकटात राहायला बघणाऱ्यांमुळे पुढच्या व्हॅनसाठी दार बंद होते.

माडाखाली गाडी कधीही लावू नका. नारळ छत फोडतो, झावळी सोलर पॅनेल. आंबा-फणसाच्या कडेला, सावली सकाळी पडेल अशी जागा बघा.

वीज, पाणी, संडास

शंभर अँपिअर-अवरची १२ व्होल्टची लिथियम बॅटरी तुम्हाला वापरायला सुमारे १,००० वॉट-अवर देते, लेड-अ‍ॅसिड निम्मेच. कोकणातल्या उष्म्यात छोटा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला ५०० ते ७०० वॉट-अवर खातो, पंखा रात्रभरात २००, दिवे आणि मोबाइल मिळून १००. म्हणजे एक रात्र निघते. एसी हजार वॉटच्या पुढे जातो, तासाभरात बॅटरी संपते. एसी हवाच असेल तर मुक्कामाला जोडणी हवी. त्यासाठी २५ मीटर लांब, अडीच चौरस मिलिमीटर जाडीची तीन तारांची केबल ठेवा आणि वापरताना तिची गुंडाळी पूर्ण उलगडा. गुंडाळलेली केबल एसीच्या भाराने तापून वितळते. जोडण्याआधी सॉकेटला अर्थिंग आहे का ते सॉकेट टेस्टरने तपासा. जुन्या घरांत ते नसते, आणि ओल्या अंगणात लोखंडी गाडीला हात लागला की झटका बसतो. अर्थिंग नसेल तर जोडू नका.

पाणी माणशी दिवसाला १० ते १५ लिटर धरा, अंघोळ यजमानाकडे करणार असाल तर. शंभर लिटरची टाकी चौघांना दोन दिवस पुरते. एप्रिल-मेमध्ये विहिरीवरून टाकी भरून मागू नका, दापोली-रत्नागिरीसारख्या ठिकाणी पैसे देऊन भरा.

सांडपाणी आणि कॅसेट संडास (काढून रिकामी करता येणारी टाकी असलेला गाडीतला संडास) यांबाबत कोकणात जास्त जपावे लागते. जांभा दगड सच्छिद्र आहे, वर ओतलेले पाणी थेट विहिरीत झिरपते. सांडपाणी विहिरीपासून दूर, यजमान दाखवतील त्या आळ्यात सोडा, आणि भांडी घासायला साबण कमी वापरा. वीस लिटरची कॅसेट दोघांना दोन-तीन दिवस चालते. ती सेप्टिक टाकी असलेल्या संडासातच रिकामी करायची, विचारून. त्यात फिनाइल किंवा ब्लीच घालू नका, त्याने सेप्टिक टाकीतले जिवाणू मरतात आणि यजमानाचा संडास तुंबतो. खाडीत, ओढ्यात, किनाऱ्यावर काहीही ओतायचे नाही.

गॅसचा पाच किलोचा सिलिंडर उभा, पट्ट्याने बांधलेला असावा, आणि त्याच्या कप्प्याला तळाशी भोक असावे. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर तळाशी साचतो. चालत्या गाडीत रेग्युलेटर नेहमी बंद. डासांसाठी सगळ्या खिडक्यांना जाळ्या लागतात, आणि चपला-बूट रात्री आत ठेवावेत, कातळावर विंचू असतात.

परतताना

रेडीहून सावंतवाडी गाठून कोल्हापूर-पुण्याकडे आंबोली घाटाने चढा. आंबा आणि कुंभार्ली हे घाटही मोठ्या गाडीला ठीक आहेत. वरंध घाट व्हॅनसाठी नको, अरुंद आहे आणि दरडींमुळे वारंवार बंद असतो.

घरी पोचल्यावर दोन दिवसांच्या आत गाडी रॅम्पवर चढवून खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या: चॅसिस, ब्रेकच्या पाइप, सायलेन्सरचे क्लॅम्प, सांडपाण्याच्या नळाची जोडणी. मीठ तसेच राहिले तर आधी गंज ब्रेकच्या पाइपांवर दिसतो. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा थर कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून पेट्रोलियम जेली लावा. दोन्ही टाक्या रिकाम्या करून नळ उघडे ठेवा, आणि गाद्या उचलून दिवसभर उन्हात टाका. कोकणातला दमटपणा फोममध्ये बसतो आणि आठवड्याभरात खालच्या प्लायला बुरशी धरते.